गाळाच्या बोटीची शिडी

मी सुखदेव, बेंबळीच्या शिवारातला, मेंढपाळाच्या घरचा, आणि आता तळ्यातला गाळ उपसायची बोट चालवतो. हे ऐकून लोक हसतात, आपल्या धाराशिवात बोट कुठली म्हणतात, पण हाय, लोखंडी हाय, चपटी, मधी इंजन आणि पुढं गाळ ओढायचा पाईप. वडील मेंढरं राखायचे. कातरायच्या आधी मेंढरं धुवायला तळ्यावर न्यायची, तर काय सांगू तुम्हाला, पहिलं मेंढरू पाण्यात घालायच्या आधी हा माणूस सगळा काठ तुडवून यायचा, उतार कुठं हाय, पाय कुठं टिकतो, आणि मग सवता पाण्यात उतरून तिथनं वर येऊन बघायचा. भिजल्यावर लोकर लई जड होती, मेंढरू आत जातं सहज, बाहेर निघताना मरतं, असं म्हणायचे. मला वाटायचं म्हातारा उगं वेळ घालवतोय. आता वाटत न्हाय तसं.

मी आधी ट्रॅक्टर चालवायचो, इंजन कळतं म्हणून गाळाच्या कंपनीनं मला बोटीवर घेतलं. पाईपावर येडशीचा मेहबूब, माझ्याच वयाचा, तोंडाला घडीभर दम न्हाय त्याच्या. दोघंच आमी. कंपनीनं जाकिटं दिली, टोप्या दिल्या, फोटो काढले, सगळं केलं, खोटं कशाला बोलू. पण त्या बोटीचा काठ पाण्यापासून छातीभर उंच, आणि वरून निळा रंग, काचेसारखा गुळगुळीत. बाहेरून धरायला बोटभर काय न्हाय. चढायचं ते तळ्याच्या काठावरनं फळी लावून, म्हणून पाण्यातनं वर यायला काय न्हाय हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय, माझ्याबी न्हाय, मेंढपाळाचा पोरगा असून न्हाय, त्याचाच मला जास्त राग येतो.

एक दिवस भर पाण्यात पाईपाचा जोड निसटला, त्याचा फटका बसला आणि मेहबूब गेला पाण्यात. जोडापाशी कठडा नसतो, काम करायला जागा लागती. बुडाला न्हाय, जाकिट होतं. पण जाकिट माणसाला वर ठेवतं, वर आणत न्हाय. तो लोखंडाला हात लावायचा आणि हात घसरायचा, परत लावायचा, परत घसरायचा, म्हणत होता सुखदेव, पकडने कू कुछ नहीं रे. मी पालथा पडून त्याची गचांडी धरली, पण कपडे भिजलेले, बुटात गाळ, कुठं ओढला जातोय. शेवटी नांगर ओढायचं विंच असतं, हातानं फिरवायचं, त्याचा दोर त्याच्या काखेत घातला आणि फिरवलं. वर आला, पण उजवा खांदा निखळून आला. तो हात आज डोक्यापर्यंत जात न्हाय त्याचा, केस विंचरायला बायको लागती. कंपनीचे साहेब म्हणले माणसानं जपून काम करावं, जाकिट दिलं होतं ना. व्हय, दिलं होतं.

त्यानंतरच्या थंडीत साहेब म्हणले, मुंबईला कामाच्या बोटींचं प्रदर्शन हाय, आपली कंपनीबी तिथं बोटी विकायला मांडणार, तू चल, बोट चालवणारा खरा माणूस गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे. म्हणजे मला दाखवायलाच नेलं. नवा ड्रेस दिला, गळ्यात नावाचा पट्टा. जायच्या आदल्या दिवशी मेहबूबकडं गेलो, तुला काय आणू म्हणलं. तो म्हणला कुछ नक्को लाव, बस इत्ता पूछ, सीढी किधर है.

हॉल म्हणजे आपला आठवडी बाजार मावंल एवढा, आणि सगळीकडं बोटी, जहाज ओढायच्या, गाळाच्या, माणसं पोचवायच्या. आमच्या बोटीसारखीच एक आमच्या कंपनीनं लाल सतरंजीवर ठेवलेली, आणि पाहुण्यांना चढायला तिला जिना. चार पायऱ्या, दोन्हीकडं चकाकणारा कठडा, पाय घसरू नये म्हणून पायरीला रबर. कोरड्या हॉलमधी. एक बाई उंच टाचांवर चढायला लागली तर दोघं हात धरायला धावले.

म्या तिथल्या टायवाल्याला इचारलं, हा जिना बोटीबरोबर येतो का. न्हाय काका, हा प्रदर्शनापुरता. मग पाण्यात पडलेला माणूस वर कसा येतो. काका, आपल्या बोटीवरून माणूस पडतच न्हाय. म्या म्हणलं मेहबूब पडला. तर म्हणला कोण मेहबूब.

वरच्या मजल्यावर परिषद होती, बोटीवरल्या कामगाराची सुरक्षा हा विषय, म्हणून जाऊन बसलो. पाच जण खुर्च्यांवर, पाचीजण मालक न्हायतर अधिकारी, पाण्यात काम केलेला एकबी दिसला न्हाय. पडद्यावर चित्रं, माणूस पडला की भोंगा वाजवणारं यंत्र. शेवटी इचारा म्हणले, म्या हात वर केला. माईक आला. म्या हिंदीत म्हणलं, साहेब, भोंगा वाजला, माणूस पडल्याचं कळलं, पुढं त्यानं धरायचं काय, बोटीला शिडी का न्हाय. खुर्चीवरले म्हणले फार चांगला मुद्दा हाय, चहाच्या वेळी बोलू. माईक दुसऱ्याकडं गेला. चहाच्या वेळी मी कप घेऊन दारात उभा राहिलो, ते पाचीजण चहाला न थांबता माझ्यासमोरून जेवायला गेले. आमचे साहेब तेवढे आले, म्हणले तुला कुणी बोलायला सांगितलं होतं.

बोलला तो एकच माणूस, कोकणातला म्हातारा खलाशी, मालकाच्या बॅगा धरून आलेला. म्हणला त्यांची वाट बघू नको, बोटीला जुने टायर बांध, एकाखाली एक, पाय ठेवायला भोक आपसूक हाय.

घरी आलो आणि तसंच केलं, ट्रॅक्टरचे टायर, नायलॉनचा दोर, दोन्ही अंगाला. मग साहेबांचा निरोप आला, बोट बघायला पाहुणे यायलेत, टायर काढा, शोभा जाती. म्या काढले. काढून काठावर ठेवले आणि त्यांच्यावरच बसलो. मेहबूबच्या जागी आलेला दत्ता, तोबी शेजारी येऊन बसला. बोट तळ्यात, आमी काठावर. दुपारपर्यंत फोनवर फोन, मग म्हणले बांधा बाबा, पण फोटोत दिसू देऊ नका. आता फोटोवाला आला की आमी बोटीचं तोंड त्याच्याकडं करतो न्हायतर टायर उचलून आत घेतो, तो गेला की सोडतो. कंपनीच्या नव्या बोटी अजूनबी शिडीबिगर येतात म्हणं. कुठल्या कुठल्या तळ्यात जातात आणि कोण बसतं त्यांच्यात, त्याला कुणी टायर बांधायचं सांगितलं असंल का, देव जाणे. त्यानं तरी सुखरूप घरी जावं.

मेहबूब रोज सकाळी काठावर येतो. काम सुरू करायच्या आधी मी न्हायतर दत्ता, दोघांतला एक जण कपड्यांसकट पाण्यात उतरतो आणि टायर धरून बोटीवर येतो, थंडी असू द्या न्हायतर काय. मेहबूब डाव्या हातात चहाचा कप धरून बघत राहतो. माणूस वर आला की मगच पहिला घोट घेतो.