डावा स्पीकर बोलत नाही

जोतीराम : म्हंजे ही खुर्ची हलवायचीच न्हाय?

ज्योत्स्ना : नको. मामांची आहे. सासूबाई होत्या तेव्हापासून ती तिथेच आहे म्हणे. तुम्ही तिच्याभोवती काय ते मांडा.

जोतीराम : मग सोपं झालं. समोर टीव्हीच्या दोन अंगांना हे दोन मोठे, डावा नि उजवा. हा आडवा टीव्हीच्या डोक्यावर. बारके दोन खुर्चीच्या पाठीमागं, भिंतीला. पाचींची तोंडं खुर्चीकडं. फक्त डावा बॉक्स तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराला खेटून आलाय. दार तेवढं आपटू नका.

ज्योत्स्ना : गुरुवारनंतर दार आपटायला घरात असणार कोण, जोतीरामदादा?

जोतीराम : आँ? कुठं निघालात?

ज्योत्स्ना : बारामतीला खोली घेतलीय आम्ही. यांना कंपनीत जायला तिथून बरं पडेल. गुरुवारी टेंपो येणार आहे.

जोतीराम : काटेवाडीवरनं बारामती ती केवढी! माझं दुकान बारामतीत, मी सायकलीवर हितं आलो तर घामसुद्धा न्हाय आला. ताई, मी तुमच्या माहेरचा, पळसदेवचा माणूस. तुमच्या भावाबरोबर उजनीच्या पाण्यात पोहायला शिकलोय. मला तरी खरं सांगा.

ज्योत्स्ना : मामा गोठ्यातच आहेत ना?

जोतीराम : म्हशीला पाणी दावतायत. बोला.

ज्योत्स्ना : ते माझ्याशी बोलत नाहीत, दादा. दीड वर्ष झालं लग्नाला. रागावले असते तर पाया पडून चूक विचारली असती. पण तसा रागही दिसत नाही. संध्याकाळची वंदना झाली की मी या दारात उभी राहते आणि विचारते, मामा, ताट वाढू का? ते टीव्हीकडे बघत राहतात. मान नाही, हुंकार नाही. दुसऱ्यांदा विचारायला जीभ उचलत नाही माझी.

जोतीराम : आणि बुद्धघोषराव?

ज्योत्स्ना : हे घरी असले की हेच बोलावतात. यांचा आवाज मोठा. दुपारपाळी असली की मात्र आम्ही दोघंच. माझा नेम आहे, घरातलं वडीलधारं माणूस जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. आईनं लावलेला. मग मी आत बसून राहते. ते आपले आपण उठून हात धुतात तेव्हा कुठे ताट करते.

जोतीराम : मग हा एवढा सगळा बाजा कशाला घेतला?

ज्योत्स्ना : आम्ही गेल्यावर मामांना घर खायला उठू नये म्हणून. हे म्हणाले, पाच स्पीकर असले म्हणजे घर भरल्यासारखं वाटेल.

जोतीराम : भरंल की. पण पाचातला एकबी ‘ताट वाढू का’ म्हणून न्हाय इचारायचा. असो. लहान तोंडी मोठा घास झाला. तात्या आले बघा.

ज्ञानदेव : काय रं जोतीराम, झाली का न्हाय वायरिंग? सकाळपास्नं कोळ्यावानी जाळं इणतुयास.

जोतीराम : जाळं झालं, आता मासा पायजे. बसा खुर्चीत. बसलात? आता हलायचं न्हाय. मी हे बटण दाबलं की एकेक बॉक्स पाळीपाळीनं सूं करंल. गाणं न्हाय, बोलणं न्हाय, नुसतं सूं. पाचींचा आवाज तुमच्या खुर्चीत सारखा आला पायजे. कमी-जास्त असला की मला सांगायचं, मी रिमोटवर जुळवणार.

ज्ञानदेव : म्हंजे पंगतीला वाढत्यात तसं. ह्याला जादा न्हाय, त्याला कमी न्हाय.

जोतीराम : अगदी. हा मधला.

ज्ञानदेव : आला. सुपात गहू पाखडल्यागत.

जोतीराम : हा उजवा.

ज्ञानदेव : झ्याक. त्येवढाच हाय.

जोतीराम : मागचा उजवा?

ज्ञानदेव : हाय, हाय.

जोतीराम : आणि हा डावा, पुढचा.

ज्ञानदेव : लाव की.

जोतीराम : लावलाय, तात्या.

ज्ञानदेव : कशाचा लावलाय? शेजाऱ्याच्या घरात कुणी दळाण दळावं तसा लांबनं येतुय.

जोतीराम : थांबा, वाढवतो. आता?

ज्ञानदेव : अजून.

जोतीराम : आता?

ज्ञानदेव : वाढीव म्हणतुय न्हवं! का हात आखडता घेतुयास?

ज्योत्स्ना : दादा, डावा फार ओरडतोय हो. आत मांडणीवरचे डबे थरथरायला लागले.

ज्ञानदेव : अजून इतकुसा वाढीव.

जोतीराम : तात्या, ह्याच्यावर आकडाच न्हाय आता. थांबा, बॉक्समधीच खोट असंल. नवा माल, पण काय सांगावं, रस्त्यात आपटला असंल. मी डावा उचलून उजवीकडं लावतो आन उजवा डावीकडं. मग कळंल कोण आजारी हाय ते. हां, झालं. हा घ्या, मघाचा डावा, आता उजवीकडं.

ज्ञानदेव : आरं, ह्यो तर चांगला ठणठणीत हाय!

जोतीराम : आणि हा मघाचा उजवा, आता डावीकडं गेलाय.

ज्ञानदेव : ह्यो मेला.

जोतीराम : कसा मरंल? आत्ता तर झ्याक म्हणालात त्याला.

ज्ञानदेव : मी काय करू? तुजा माल तसला. डावीकडं गेला की मरतुय.

जोतीराम : मग वायरीत असंल. वायर बदलून बघू. ही घ्या, माझ्या पिशवीतली, टेस्टिंगची. आता?

ज्ञानदेव : जैसे थे.

जोतीराम : ताई, तुमी जरा पुढं या. हितं, तात्यांच्या मागं उभ्या राहा. तुमाला कसं ऐकू येतंय?

ज्योत्स्ना : मला दोन्ही येतात की. डावा तर कानठळ्या बसवतोय.

जोतीराम : जावा, दारात जावा तुमी. वीस वर्सं रेडिओ उघडतोय मी, असली खोट पयल्यांदा बघितली. तात्या, एक करा. उठा. खुर्ची उलटी फिरवा, पाठ टीव्हीकडं.

ज्ञानदेव : आन पिच्चर काय भिताडावर बगू?

जोतीराम : दोन मिनिटं. बसा. डाव्याचा आवाज पयल्या जागी आणलाय बरं का. तोच बॉक्स, तीच वायर. ऐका.

ज्ञानदेव : आरं! बोलला की! ह्येच मगापास्नं का न्हाय केलंस? आता त्यो दुसरा लाव. आँ? आता त्यो बसला व्हय?

जोतीराम : तात्या.

ज्ञानदेव : काय?

जोतीराम : मी कुठल्याबी बॉक्सला हात लावला न्हाय. फक्त तुमी फिरलात.

ज्ञानदेव : बंद कर ते सूं.

(जोतीराम बटण दाबतो. ज्ञानदेव डाव्या कानाला हात लावतो.)

ज्ञानदेव : सत्तावीस वर्सं काढली साखर कारखान्याच्या मिलहौसात, ऊस पिळत्यात तितं. टरबाइनचा दणका कायम ह्या अंगाला. बुद्धघोष शाळंत असतानाच गेला ह्यो कान. हळूहळू गेला, मलाच उशिरा कळलं.

जोतीराम : डॉक्टरला दावलं न्हाय?

ज्ञानदेव : कुणालाच न्हाय. फकस्त तुळसाला ठावं. तिला म्हणलं, कुटं बोलू नगंस, लोक भैरा म्हणत्याल. ती शाणी. काय सांगायचं आसलं की येळ लागला तरी चालंल, पर वळसा घालून उजव्या अंगाला यायची. बाया तिला चिडवायच्या, काय गं, नवऱ्याला चिकटून बसतीस! तीबी हसायची. बोलली न्हाय कवा. त्येबी घिऊन गेली बगा संगट.

ज्योत्स्ना : मामा...

ज्ञानदेव : बोल की.

ज्योत्स्ना : तुम्हाला ऐकू आलं?

ज्ञानदेव : न यायला काय झालं? खुर्ची फिरल्याली हाय, दार उजवीकडं आलंय.

ज्योत्स्ना : मी रोज याच दारातून विचारते तुम्हाला.

ज्ञानदेव : काय इचारतीस?

ज्योत्स्ना : ताट वाढू का म्हणून.

ज्ञानदेव : कवा?

ज्योत्स्ना : यांची दुपारपाळी असली की रोज, वंदना झाली की. लग्न होऊन आले तेव्हापासून.

ज्ञानदेव : तू इचारतीस? रोज?

ज्योत्स्ना : माझा आवाजच बारीक आहे, मामा. आणि वर टीव्ही चालू असतो. मला वाटायचं, तुम्हाला माझ्या हातचं नको आहे.

ज्ञानदेव : आन म्या काय म्हणायचो सांगू? म्हणायचो, सून इंदापूरच्या कालिजात शिकल्याली, सासऱ्याला जेवतुस का म्हणून एक सबूद इचारत न्हाय. आतडं पिळायचं भुकंनं, पर मागायचं न्हाय म्हणून बसायचो हट्टानं. आपल्याच घरात मागून का खायाचं?

ज्योत्स्ना : मी आत उपाशीच असायचे.

ज्ञानदेव : तू कशापायी?

ज्योत्स्ना : तुम्ही जेवल्याशिवाय जेवत नाही मी.

ज्ञानदेव : आरं तिच्या मारी! दीड वरीस दोगंबी उपाशी, आन मधी एक भिताड!

जोतीराम : आणि चुलीवर कालवण गार. त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा?

ज्ञानदेव : हसतुयास काय, जोतीराम? हसन्याजोगंच हाय म्हणा. तुळसा आसती तर तिनं आमाला दोगांनाबी मुसळानं हाणलं आसतं.

जोतीराम : मग आता तात्या, कामाचं बोलू. मला दुकानात जायचंय. हे जुळवायचं कसं?

ज्ञानदेव : कसं म्हंजे?

जोतीराम : दोन रीती हायत. धड कानाच्या माणसाला बसवून जुळवायचं, म्हंजे सगळ्यांना बघता येईल. न्हायतर तुमच्या एका कानाला जुळवायचं, तर डावीकडचे दोन्ही बॉक्स एवढे चढवावे लागतील की दुसऱ्या माणसाला खोलीत बसवायचं न्हाय. पण तुमी एकलेच बघणार असला तर काय हरकत न्हाय. एकल्या माणसाचं एकल्यासारखं जुळवून देतो. बोला.

ज्ञानदेव : एकल्याचं.

जोतीराम : व्हय. गुरुवारनंतरचं म्हणतोय मी.

ज्ञानदेव : ...न्हाय. तसं नगं. खुर्ची सरळ कर. ज्योत्स्ना, बस हितं. तिच्या कानानं लाव.

ज्योत्स्ना : मी खुर्चीत? तुमच्यासमोर?

ज्ञानदेव : मीच सांगतुय न्हवं? ह्यो स्टूल मी तुज्या डाव्या बाजूला घेतु. म्हंजे तू माज्या उजव्या अंगाला आलीस. आता काय बोलायचं ते बोल, बारीक बोल, मोठ्यानं बोल.

जोतीराम : चला. सगळे परत पयल्यापासनं. मधला.

ज्योत्स्ना : हा थोडा जास्त आहे. नाकात बोलल्यासारखा.

जोतीराम : एक उतरवला. आता?

ज्योत्स्ना : अजून अर्धा. हां. डावा आता बरोबर. उजवाही बरोबर. मागचा उजवा किंचित पुढे येतोय.

जोतीराम : किंचित म्हंजे?

ज्योत्स्ना : एक पायरी. बस. आता सगळे एका ओळीत बसले.

जोतीराम : ताई, काय कान हाय तुमचा! मी मागच्या उजव्याला दोनदा तपासलं, मला फरक लागला न्हाय.

ज्योत्स्ना : विहारात आम्ही अकराजणी मिळून वंदना म्हणतो ना. एकीचा आवाज वर गेला की बाकीच्या दहाजणींचा ऐकू येईनासा होतो. म्हणून सवय लागलीय. आपला आवाज दुसरीच्या खाली ठेवायची.

ज्ञानदेव : म्हणून येवढा बारीक ठिवलाय व्हय! आन वर कोण जातं गं? अंजली जात आसंल. त्या म्हादूची बायकू.

ज्योत्स्ना : मी नाव नाही घेणार, मामा.

ज्ञानदेव : म्हंजे अंजलीच. गावावरनं इमान उडत गेलं तर तिच्या आवाजानं वाट चुकंल.

जोतीराम : हा घ्या रिमोट, ताई. आकडे कागदावर लिहून ठेवलेत. कुणी बटणांशी खेळलं तर त्याच आकड्यांवर आणायचं. व्हीसीडी लावून बघा एखादी.

ज्ञानदेव : चा पिऊन जा, जोतीराम. दुकान काय पळून जात न्हाय.

ज्योत्स्ना : मी ठेवते चहा. पण आधी शेजारच्या दत्तोबांच्या घरून यांना कंपनीत एक फोन करून येते. टेंपोवाल्याला आजच कळवायला हवं.

ज्ञानदेव : काय सांगणार?

ज्योत्स्ना : गुरुवारी येऊ नको म्हणून. स्पीकरचं काम अजून राहिलंय.

जोतीराम : राहिलंय? अहो ताई, आता काय राहिलंय? पाचीच्या पाची जुळले, तुमीच तर म्हणालात! माझ्याकडनं एक स्क्रूसुद्धा राहिला न्हाय.

ज्ञानदेव : तू गप रं. राहिलंय म्हणली ती. मी ऐकलं.