चार नंबरचा पाय

…नाही, नाही, हे मी सांगायचंच नव्हतं. आईने मोरीत नळ मुद्दाम मोठा सोडून, त्या आवाजात मला बजावलं होतं, की हे कुणाला म्हणजे कुणालाही कळता कामा नये, आणि बाबांना तर मुळीच नाही! आणि मी तशी कुणाला काही सांगणाऱ्यातली आहे का हो? वर्गात हजेरीला मी ‘हजर’ म्हणते तेसुद्धा इतकं हळू, की बाई मान वर करून माझा बाक रिकामा नाही ना बघतात. पण तुम्हीच सांगा, ती खाली पायरीवर बसून माझे बूट घालतेय… माझे!… आणि मी इथे जिन्यात बसून नुसतं बघत राहायचं? बरं, बूट चांगले आहेत हं. ते आधीच सांगून टाकते. बुटांबद्दल माझी काही तक्रार नाही. बूट फारच चांगले आहेत.

तुम्हाला सांगते, माझे बाबा बूट करतात. दुकानात ढिगाने असतात ते सगळे नाही, पहिला जोड. कारखान्यात नवीन बूट काढायचा ठरला की त्याचा नमुना बाबा हाताने करतात, आणि तो जोड कुणीतरी खऱ्याखुऱ्या दगडधोंड्यांवर घालून चालून बघावा लागतो, त्याशिवाय मालक पुढचं काम सुरूच करत नाहीत. आणि बायकांच्या बुटांचा नमुना नेहमी चार नंबरचा. का? ते मला नका विचारू! चार म्हणजे चार. तीन नंबर म्हणजे चारातून थोडं कापायचं, पाच म्हणजे चारात थोडं वाढवायचं, म्हणजे सगळ्या बायकांचे पाय शेवटी चारावरूनच ठरतात. आणि आमच्या ओळखीत बरोब्बर चार नंबरचा पाय कुणाचा? माझा! अभ्यासात मी मधली, दिसायला मधली, गाण्यात तर मला ओठ नुसते हलवायला सांगतात… पण पाय? ‘काय पाय आहे पोरीचा!’ असं मालक सगळ्यांसमोर म्हणाले होते. आता असं कौतुक कुणाला सांगता तरी येतं का?

तर दर रविवारी बाबांच्या स्कूटरवर मागे बसायचं, गावाबाहेरच्या टेकडीच्या पायथ्याशी उतरायचं, नमुन्याचे बूट चढवायचे, आणि ओढ्याच्या कडेने त्या दगडांतून वर. मी पुढे, बाबा मागे. नेहमी मागे, कारण त्यांना माझ्या टाचा बघायच्या असतात. ‘टाच उचलतेय का गं आत?’ ‘नाही बाबा.’ ‘अंगठा पुढे टेकतो का?’ ‘नाही बाबा.’ ‘चवडा?’ ‘मजेत आहे बाबा.’ तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? अहो, माझे बाबा घरात बोलत नाहीत! भांडण वगैरे नाही, स्वभावच तसा. घरात ‘मीठ दे’ हे त्यांचं भाषण. पण टेकडीवर पायांबद्दल विचारावंच लागतं ना, मग पायांवरून दगड, दगडांवरून ते लहानपणी कुठल्या दगडावरून पडले ते, त्यावरून आजीने मारलं ते, मारताना आजीलाच कसं हसू आलं ते… मला माझी आजी सगळी त्या टेकडीवर कळली. पाठमोरी. मी त्यांचा चेहरा कधी बघितलाच नाही बोलताना, मागून नुसता आवाज यायचा, आणि मी दगडांवर पाय ठेवत जायची, अगदी सावकाश. रस्ता संपू नये म्हणून. बाबांना वाटायचं, पोरगी किती काळजीपूर्वक तपासते!

मग आले हे नवीन बूट. हलके, आणि वर पाणी आत न येणारे. मालकांनी एक बूट बोटावर लटकवला. ‘बघ, बघ, हातात धरलाय असं वाटतच नाही!’ आता मला सांगा, बूट हातात धरून टेकडी कोण चढतं? पण बोलणार कोण? मी आपली मान हलवली. पण बूट चांगले आहेत हं, खरंच. पहिल्या दिवशी बाबांनी मला ओढ्यात उभंच केलं. ‘आलं का पाणी?’ ‘नाही.’ ‘आता?’ ‘नाही!’ ‘जरा पुढे सरक…’ मी सरकले आणि ओढा बुटाच्या वरून सरळ आत! आणि तुम्हाला सांगते, ज्या बुटात बाहेरचं पाणी आत येत नाही ना, त्या बुटातून आतलं पाणी बाहेरही जात नाही. टेकडीभर मी दोन तांबे पायात घालून चालले. पचक, पचक! बाबा इतके हसले… बाबा! हसले! मी मुद्दाम पुढच्या वेळीही सरकले.

पण त्याच सुमाराला अंगठा टेकायला लागला.

आधी वाटलं मोजे. पातळ घातले. मग वाटलं नाडी. सैल बांधली. मग एकदा मोरीत उभी राहून ओल्या पायाचा ठसा बघितला, पुन्हा एकदा पाय ठेवून बघितला. पाय वाढला होता! अहो, बाकी काही वाढेना… उंची नाही, गुण नाहीत, आवाज तर नाहीच… आणि नेमका पाय! आता नमुन्याचा बूट टेकला तर बाबा काय म्हणणार? ‘बूट टेकतो’ म्हणणार, आणि बूट बरोबर असला तर? मग पाय बदलायचा. म्हणजे मी. तर मी काय केलं, बोटं दुमडून चालायला लागले. ‘अंगठा टेकतो का गं?’ ‘नाही बाबा.’ दगड, धोंडे, उतार, आणि आत बोटांची मूठ! डोळ्यांतून टिपं गाळत मी ‘चवडा मजेत’ म्हणत होते. पाठमोरं असण्याचा हा एक फायदा.

आणि मग एका रविवारी… चमत्कार! अंगठा टेकेना. बोटं सरळ, ऐसपैस. मी तर उड्याच मारल्या, म्हटलं थांबला वाटतं पाय वाढायचा, ऐकलं एकदाचं त्याने माझं! बूट चांगले आहेत असं मी त्या दिवशी इतक्यांदा म्हटलं, की बाबा म्हणाले, ‘पुरे, बुटांना दृष्ट लावशील.’ नमुना पास. कारखान्यात सगळे नंबर निघाले, दुकानांत गेले… आणि झाली ना पंचाईत.

परत आले! पोत्यात भरून. मालक ते पोतं घेऊन संध्याकाळी थेट आमच्या घरी. बाहेरच्या खोलीत ओतलं. ‘चार नंबर म्हणून दिलाय आणि बाईचा पाय आत गरागरा फिरतोय! पाचाचा सहा, सहाचा सात! दुकानदार मला विचारतो, बूट विकायचेत की होडी चालवायचीय?’ आणि मग त्यांनी पिशवीतून फर्मा काढला. फर्मा म्हणजे लाकडी पाय, त्याच्यावर चामडं ताणून बूट करतात. तर त्या चार नंबरच्या फर्म्याच्या पुढच्या टोकाला, अंगठ्याच्या जागी, चामड्याचा एक तुकडा चिकटवलेला. सुबक. कडा इतक्या घासलेल्या, की बोट फिरवलं तरी लागू नये. तसं काम आमच्याकडे एकालाच येतं.

‘हे काय आहे?’ मालक.

बाबा म्हणाले, ‘राहिलं असेल चुकून.’

चुकून! माझे बाबा! मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी, आणि बाबांची नजर कुठे? माझ्या पायांवर. म्हणजे त्यांना… अहो, ते मागून चालायचे ना! टाचा बघायचे! बोटं दुमडून चालणाऱ्याची टाच कशी पडते हे त्यांना कळणार नाही तर कुणाला कळणार? मी पुढून सोंग करत होते आणि ते मागून सगळं बघत होते. आणि घरी आल्यावर गुपचूप फर्म्यावर माझा अंगठा चिकटवून, त्यावर तसाच जोड नव्याने करत होते. मी खोटं बोलायची, म्हणून त्यांनी लाकडालाही खोटं बोलायला लावलं. फक्त जगातल्या बाकीच्या बायकांना कुणी विचारलं नाही.

मालकांनाही काय वाटलं कोण जाणे. ‘पोरी, पाय ठेव बघू इकडे.’ टेप लावली. ‘अगं, पाच! चांगला पाच झालाय की!’ सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाय कुठून चोरून आणलाय. शेजारच्या काकू दारातून, ‘मोठी झाली हो पोर!’ अभिनंदन! मालकांनी बूट पुन्हा पोत्यात भरले, माझा जोडसुद्धा, आणि बाबांना एवढंच म्हणाले, ‘पुन्हा करा. आणि पाय बघा दुसरा.’ बाबा तो तुकडा नखाने काढत बसले. निघता निघेना. चांगलं चिकटवलं होतं.

पाय शोधला आईने. तिच्या भावाची मुलगी, माझी मामेबहीण. चार नंबर, बरोब्बर. तिला चढ आवडत नाही, ऊन आवडत नाही, सरडा दिसला तर ती स्कूटरवर चढून बसते. ‘अय्या आत्या, खेकडे बुटातून चावतात का गं?’ मी म्हटलं, चावतात. तरी आली! आणि मला म्हणे, ‘तू पण चल ना!’ कशी चल? एका स्कूटरवर तिघं? आणि पायात काय घालू? बूट करणाऱ्याच्या घरात पाच नंबरचा एक बूट नाही, शाळेचे आहेत ते दगडांवरून घसरतात, आणि घसरणारे बूट घालून टेकडीवर यायचं नाही हा नियम कुणाचा? बाबांचाच.

आणि आई म्हणाली, मोरीत, नळ सोडून, ‘तुला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस हं. ओशाळतील.’ म्हणजे त्यांना माझं माहीत, मला त्यांचं माहीत, आईला दोघांचं माहीत, आणि कुणी कुणाला बोलायचं नाही. घरात बाबा अजूनही मीठच मागतात. मी देते. काल मीठ हातात घेतल्यावर जरा थांबले, वाटलं काहीतरी म्हणणार… तर म्हणाले, ‘पाय दुखत नाही ना आता?’ मी म्हटलं, ‘नाही बाबा.’ यावेळी खरं होतं. खरंच, अजिबात दुखत नाही. चालायलाच कुठे जातेय मी?

ते बघा, उठली. नाडी चुकीची बांधलीये, घोट्यापाशी एक वेढा द्यायला हवा, नाहीतर उतारावर टाच सुटते. सांगू का तिला? नको. बाबा मागून चालणारच आहेत, बघतील ते. विचारतील, ‘अंगठा टेकतो का गं?’ ती काहीतरी चिवचिवेल, मग आजीचं ते हसू आलेलं… ते नाही ना सांगणार तिला? ते तरी माझं… जाऊ दे. बूट चांगले आहेत. मी चालून बघितलेत, मीच सांगतेय, फारच चांगले आहेत, फक्त—

‘अगं ए! कुठे आहेस? तुझे ते जाड मोजे दे बघू खाली, हिच्या पायाला खरखरतंय!’

बाबा. ऐकलंत? आता मोजे. आले बाबा! कपाटात नाहीयेत, माझ्या पायातच आहेत, काढते! …बरं असतं हो मोज्यांचं. त्यांना नंबर नसतो, पाय कितीही वाढला तरी ते आपले ताणून ताणून—

‘अगं, उशीर होतोय!’

आले, बाबा, आ…