आठ महिन्यांत तिसरी डिस्क

(गोंदियातलं गुड्डूचं गॅरेज. दवनीवाड्याहून सेवकराम आणि त्यांची मुलगी आचल तिची मोटारसायकल घेऊन आलेत. पुढचं चाक खोलून झालंय. गावापासून सुरू झालेलं बापलेकीचं भांडण मात्र संपायचं नाव घेत नाही.)

सेवकराम : चाबी दे म्हणतो न इकडं! काल रेल्वे फाटकापाशी बिरेक लागला नाई. उद्या कोणाचा फोन आला मले, तं का करू मी?

आचल : चाबी नाई भेटत. दवाखान्यात सातची ड्युटी, अन् पहिली एसटी येते साडेआठले. गाडी बंद म्हणजे नोकरी बंद.

सेवकराम : तं होऊ दे बंद! घरी बस.

गुड्डू : काका, दो मिनट शांत राहा न. ही बिरेकची डिस्क पाहा.

सेवकराम : का पाहू? आठ महिन्यांत तिसरी! तूच नकली माल लावून राहिला.

गुड्डू : तिन्ही डब्बे तुमच्यासमोर फोडले, काका. बोट फिरवा इथं. नांगर फिरवल्यावाणी नाल्या पडल्या. काठाले गंज. गाडी कोण धुते?

आचल : बाबाच. मले हात लावू देत नाई.

सेवकराम : मंग? पोरगी गाडीवर नोकरीले जाते, सारं गाव पाहून राहते. गंजकी कायले दिसावी? रोज पाणी मारतो, अन् धानाच्या मिलमधली तुसाची राख घेऊन घासतो. पाण्याच्या पितळी गुंडावाणी चमकते!

गुड्डू : राखीनं? डिस्क? अरे काका! ते बारीक कण बिरेकच्या पॅडमध्ये फसतात. चाक फिरलं का डिस्क खरडते. वरून ओली ठेवता, म्हणून पुन्हा गंज.

सेवकराम : डाग दिसे, म्हणून तं घासू. घासलं का दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग.

आचल : आठ महिने, बाबा! आठ महिने मी या गुड्डूभाऊसंग भांडून राहिली. काल फाटकापाशी पाय घासत गाडी थांबवली मी. अन् तुमीच...

सेवकराम : मले का माहीत, बाप्पा.

गुड्डू : वरवरचा गंज पहिल्याच बिरेकले पुसून जाते. तुमी कायी करू नोका. हातच लावू नोका.

सेवकराम : हातच नाई?

गुड्डू : बिलकुल नाई.

आचल : चाबी माह्यापाशीच राहील. समजलं न?

सेवकराम : ठेव. पण मिलमधलं काम सुटल्यापासून... तुहं तेवढंच एक काम होत होतं माह्या हातून.