त्रेचाळीस जणांना काढायचा ठराव

…नाय, पण मला सांगा, मशीननं माणसाला किती प्रश्न विचारावेत? तुम्हाला सांगतो, फायनल चार वाजता, घड्याळात अडीच, आणि हा डबा विचारतोय, "पुढे जायचं का?" अरे, मग इथवर काय परत फिरायला आलो?

डबा म्हणजे आमच्या कबड्डी मंडळाच्या खोलीतला सर्व्हर हो! काळा पडदा, पांढरी अक्षरं, हुकूम टाइप करायचा. मैदानावरचा सामना ह्याच डब्यातून मुंबईला दिसणार होता, आणि दिसायलाच पायजे होता! माझी लेक आम्रपाली पहिल्यांदा फायनल खेळणार, आणि तिचा एक सामना न चुकवलेली तिची आत्या, म्हणजे आमची चंद्रभागाअक्का, मुंबईला प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून बसलेली! "नागसेना, पोरीला बघितल्याबिगर मी जेवायची नाय हां!"

आमची सून प्रियदर्शिनी पुण्याला ह्याच कामात. तिला फोन लावला. "जय भीम बाबा. सर्व्हरमध्ये जागा कमी पडतेय, म्हणून चित्र जात नाही. मी सांगते तेवढंच एक पॅकेज काढा. आणि काय काय जाणार ती यादी वाचल्याशिवाय वाय, म्हणजे 'हो', दाबू नका हं." पॅकेज म्हणजे मशीनला एकेक काम शिकवणारं गाठोडं. काढलं! पण जागा? अजून कमीच… आणि सूनबाई मीटिंगमध्ये, फोन बंद!

आता आमच्या मंडळात सुतळीसुद्धा सभेबिगर तोडत नायत. अध्यक्ष दत्ताराम खुर्चीत बसले, पडद्यावरच्या एका पॅकेजच्या नावावर बोट ठेवलं, "ह्याला गावात कोन वळखतो?" सगळ्यांनी नाय म्हणून माना हलवल्या. "शेजारच्या बिरवाडीत कोन वळखतो?" पुन्हा माना! "मग हा आपल्या डब्यात राहातो कशाला? काढा!"

टाइप केलं. मशीन म्हणतं, ह्याच्यासोबत अजून त्रेचाळीस जाणार. पुढे जायचं का? आमचा एक सभासद पांडू म्हणाला, "बघा, फुकटे केवढे पोसले होते!" हात वर झाले, सर्वानुमते मंजूर, टाळ्यासुद्धा वाजल्या हो… आणि मी दाबला वाय!

तुम्हाला सांगतो, पंगतीत एका पावण्याचा अपमान करा, त्याची अख्खी भावकी पानावरून उठते की नाय? तस्सं! सरसर सरसर सगळे गेले, आणि जाताजाता इंटरनेट घेऊन गेले! आता परत बोलवायचं म्हटलं तर ते येणार इंटरनेटवरूनच! कुठून जायचं पुढे? सांगा ना, कुठून?

साडेतीन. माझ्या डोळ्यांपुढं उपाशी अक्का. खरं सांगतो, रडायला आलं मला. तेवढ्यात सूनबाईचाच फोन. सगळं ऐकून ती पहिल्यांदा दोन मिनिटं नुसती हसली. मग म्हणाली, "बाबा, तुमचा मोबाईल वायरने सर्व्हरला जोडा. त्याचं इंटरनेट वापरू. आता मी एकेक अक्षर सांगते, आणि सभा घ्यायची नाही!" आधी जुन्या सामन्यांची चित्रणं पुसून जागा केली, मग ती सांगते, मी टाइप करतो, दत्ताराम मागून "अनुमोदन, अनुमोदन" करतायत… आणि पुन्हा तोच प्रश्न, पुढे जायचं का? यादी वाचली, वाय दाबला, आणि गेलेले सगळे परत आले हो, मुकाट्यानं आपापल्या जागी बसले!

चारला पाच कमी असताना मुंबईत चित्र दिसलं. आणि आम्रपाली काय खेळली! शेवटच्या चढाईत तिघींना बाद करून आली, ढाल आमची! दत्तारामांनी मला मिठी मारली, मी डब्याला मारली.

अक्काचा फोन आला. म्हटलं, आता कौतुक करणार. अक्का म्हणते, "जेवता जेवता बघितलं रे! पोरीच्या कपाळावरचा घामपन दिसला. किती बरं झालं, आता दरसाल गावाला यायची दगदग नको, घरीच बघीन!"

म्हटलं, "अक्का, पुढच्या साली मशीन बिघडनार हाय. तू आत्ताच एसटीचं तिकीट काढून ठेव."