भुरीबाईचा पेपर

कोळसा खाणीतून निवृत्त झालेले वामनराव वणीच्या बसस्थानकावर बसले होते. शेजारी तांड्यावरची भुरीबाई या वयात आठवीच्या परीक्षेला निघालेली, अन् तिची लेक सोनू आपल्या याडीची, म्हणजे आईची, उजळणी घेत होती.

"याडी, कोळसा कायपासून बनते?"

"मातीपासून?"

"झाडांपासून! करोडो वर्सं जमिनीखाली दबून."

वामनरावांना राहवलं नाही. "झाडांपासून? पोरी, तीस वर्सं कोळसा खोदला, मले कोणी सांगतलं नाही!"

"आबाजी, तिथं पानं नाही दिसली कधी?"

"दिसत ना! वरच्या दगडात पानाचे ठसे राहत. मले वाटे, देवानंच नक्षी काढली."

भुरीबाई खुदकन हसली. "आता नाही विसरत मी. आबाजी, तुमचं नाव काय?"

"वामनराव. काहून?"

"पेपरात लिवीन ना, उदाहरण म्हणून."