बायकांच्या शोला सांगितलेला अर्थ

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाय, बायकोपाशी तर न्हायच, पण तुम्ही लिहून घेताय तर सांगतो. म्या एका पिक्चरचा अर्थ खोटा सांगितला. चुकून न्हाय, मुद्दाम.

मी माकणीचा. आमचे वडील निजामाच्या वेळी उर्दू शाळेत शिकलेले, लोकांना जमिनीचे जुने कागद वाचून द्यायचे. घरात पूजा महादेवाची, पण पाटीवर अक्षरं उर्दू, ती त्यांनी मलाबी शिकवली. लग्न झालं तेव्हा मी लोहाऱ्यात एका व्हिडिओवाल्याकडं कामाला होतो. दुपारचा शो बायकांचा असायचा, आणि जुन्या पिक्चरमधलं जड उर्दू त्यांना कुठनं कळावं, निम्म्या तर घरात कानडी बोलणाऱ्या, म्हणून मी टीव्हीच्या बाजूला उभा राहून अर्थ सांगायचो. तिकडं ती नटी बोलायची, इकडं मी मराठीत सांगायचो, आणि बायका माझ्या तोंडाकडं बघून हसायच्या, रडायच्या. काय सांगू तुम्हाला, मला वाटायचं सगळा पिक्चर माझ्याच तोंडातनं चाललाय.

माझी बायको शारदा. लग्नाला वर्षबी झालं नव्हतं. सातवी झालेली. तिच्या भावानं दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला होता, आणि ती मला रोज विचारायची, न्हाय, रोज न्हाय, तीनदाच विचारलं तिनं, तेबी भाकरी वाढताना, खाली बघून, भरू का म्हणून. मी म्हणायचो बघू. मी नववीत दोनदा नापास झालेला माणूस. ही दहावी झाली तर मला कोण विचारतंय, एवढंच मनात होतं. दुसरं काय नव्हतं.

अशात एक दिवस ती शोला आली. पिक्चर नवाबी घरातला. नवरा वकील होऊन येतो आणि बायको अडाणी म्हणून तिला माहेरी धाडतो. ती तिथं शिकते, पोरींची शाळा काढते, आणि शेवटी तो तिला न्यायला येतो, शाळेच्या दारात उभा राहून म्हणतो, बंद कर हे, घरी चल. तेव्हा ती जे बोलली ना, मी उर्दू ऐकत वाढलेला माणूस, पण तसं बोलणं म्या कधी ऐकलं नव्हतं. आवाज चढला न्हाय, डोळ्यात पाणी न्हाय. म्हणाली, घर मला पाहिजे, तुम्हीबी पाहिजे, पण ह्या पोरींची परीक्षा होईस्तवर मी इथनं हलणार न्हाय, थांबायचं असेल तर मागं बाक रिकामा आहे. आणि तो एवढा मोठा वकील जाऊन पोरींच्या मागं, त्या बुटक्या बाकावर बसला. माझ्या अंगावर काटा आला. आजबी येतो.

आणि समोर बघितलं तर शारदा पदर तोंडाशी धरून बसलेली, टीव्हीकडं न्हाय, माझ्याकडं बघत, मी काय सांगतो म्हणून. म्या सांगितलं, ती म्हणती माझं चुकलं, ह्या शिक्षणानं माझं घर मोडलं, आता शाळा सोडते आणि येते.

पुढं बसलेली गंगव्वा म्हातारी म्हणाली, का रं, ती बाई घटकाभर बोलली आणि तू एवढ्यात उरकलंस, बाकीचं गिळलंस व्हय? बायका हसल्या. मी म्हणालो, अव्वा, उर्दूत पाल्हाळ लई असतो. मग ह्यो बाकावर का बसलाय? म्हणालो, लांबनं आलाय, दमलाय. परत हसल्या. शारदा तेवढी हसली न्हाय.

त्यानंतर तिनं फॉर्मचं नाव काढलं न्हाय. एकदा बघितलं तर तो फडताळात डब्यांखाली अंथरलेला. पुढं व्हिडिओ बंद पडला, मी शेतीला लागलो, दोन पोरी झाल्या, दोघींना तिनं हट्टानं शिकवलं, आणि गावात नाव माझं निघतं, ह्यानं पोरी शिकवल्या म्हणून. मी ऐकून घेतो.

आता शारदानं पन्नाशी ओलांडली, आणि औंदा तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. धाकटीनं मोबाईलवर भरून दिला. मला विचारलं न्हाय, सांगितलं. सकाळी गुरांचं आवरून भूमितीचं पुस्तक घेऊन ओसरीत बसती, ओठ हलवत वाचती. परवा शेजारीण म्हणाली, वैनी, आता कलेक्टर व्हायचंय का? मी आत होतो. शारदा म्हणाली, अगं म्या लग्नानंतर एक पिक्चर बघितला होता, त्यात शिकल्यामुळं बाईचं घर मोडतं, ती सोन्यासारखी शाळा सोडून माघारी जाती. एवढी वर्सं मला त्याचंच भ्या वाटलं. आता म्हणलं, मोडायचं ते मोडू दे, गणित तरी कळंल. आणि हसून परत पुस्तकात बघायला लागली.

मी आत उभा राहून सगळं ऐकलं. पिक्चरमधल्या बाईला कुणीतरी बोलणं लिहून दिलं होतं. हिला तर म्या भीती घातलेली, ती तशीच पोटात ठेवून ही परीक्षेला निघाली. असलं माणूस माझ्या घरात राहतंय, माझ्या ताटात वाढतंय, आणि मी तिला आता कुठं बघतोय.

मार्चात पेपर आहेत, सेंटर लोहाऱ्याला. देव तिला यश देवो. जीपनं मीच घेऊन जाईन, पण तेवढ्यानं फिटायचं न्हाय. त्या बाईनं शाळा सोडली नव्हती, खोटं म्या सांगितलं होतं, हे शारदाला माझ्या तोंडानं सांगायचं अजून राहिलंय.