दिव्यापाशी एक जण

मंजुषा : आणि चार नंबरच्या टेबलावर खेळात मागे कोण थांबलं?

आम्रपाली : ज्ञानदेवदादा, प्रेस शॉपचे. मॅडम, तुम्ही ऐकायला हवं होतं. बाकी तीन टेबलांवर नुसता तमाशा. वेल्डिंगवाल्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, तर ज्याची निघाली त्याने ती तोंडात टाकून गिळली. पेंट शॉपवाले ‘तू थांब, तू थांब’ करत शेवटपर्यंत गोल फिरत राहिले. आणि हा माणूस चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाला, मी बसतो, तुमी निघा.

मंजुषा : कोणी भाग पाडलं नाही?

आम्रपाली : छे हो. फासासुद्धा टाकला नाही त्यांनी. म्हणाले, यात फासा कशाला, बसायचंच हाय ना.

मंजुषा : मी मध्ये फोनवर होते, तो नियम नीट ऐकला नाही. परत सांग, रिपोर्टमध्ये लागेल.

आम्रपाली : सहा माणसं रात्रीची रानातून घाटाकडे निघालीत. चकवा लागतो. कितीही चाला, फिरून त्याच आपट्याच्या झाडाखाली. तिथे एक दिवा जळतोय. एकाने त्या दिव्यापाशी बसायचं आणि वात विझू द्यायची नाही. बाकीच्यांनी पाठ करून चालत सुटायचं. पाठीवर उजेड आहे तोवर वाट सरळ. पण जो बसला, तो बसला.

मंजुषा : तुझ्या इंग्रजी पुस्तकांतलं का हे?

आम्रपाली : माझ्या पुस्तकांत ड्रॅगन आणि बर्फातले किल्ले. रद्दीवाल्याकडून आणून, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलीत मी ती. पंधरा वर्षं त्यांच्यावरच खेळ रचले. मागच्या महिन्यात इथे जागा बघायला आले, तेव्हा चहाला या सगळ्यांना ड्रॅगन सांगितला. ज्ञानदेवदादा म्हणाले, ‘ताई, त्यो एवढा लांबून उडत येणार आन् तळेगाव चौकात अडकणार.’ सगळे हसले. मी म्हटलं, मग तुमच्याकडे काय आहे ते काढा. तर खवीस निघाला, मुंजा निघाला, आणि हा चकवा. हा ज्ञानदेवदादांच्या आईचा.

मंजुषा : म्हणजे गोष्टही त्याचीच आणि थांबलाही तोच. तो कागद दे ना.

आम्रपाली : कोणता?

मंजुषा : शेवटी लिहून घेतेस तो.

आम्रपाली : निरोपाचा होय. ती माझी जुनी पद्धत. खेळात जो मरतो किंवा मागे राहतो, त्याने शेवटचं वाक्य आपल्या हाताने लिहायचं, खाली सही करायची आणि घरी न्यायचं. चिंचवडला एका पोराने तर फ्रेम करून देवघराशेजारी लावलंय. हे बघा. ‘मी माझ्या खुशीने मागं थांबत आहे. माझ्यामुळे कोणाचं अडू नये. बाकीच्यांनी पुढं व्हावं.’ अक्षर कसं शाळेतल्यासारखं आहे.

मंजुषा : पात्राचं नाव कुठंय? यावर त्याचंच नाव दिसतंय.

आम्रपाली : मी म्हटलं होतं, काहीतरी भारी नाव घ्या. तर म्हणाले, दुसऱ्याचं घेतलं तर मी ओ देणार न्हाई.

मंजुषा : तारीखही आहे. उत्तम. हा माझ्याकडे राहू दे.

आम्रपाली : त्यांना घरी दाखवायचा होता, मॅडम.

मंजुषा : झेरॉक्स देऊ त्यांना.

आम्रपाली : बक्षीस काय ठरवलंत? तुम्ही म्हणाला होतात, टीमसाठी झिजणारी माणसं हुडकायचीत. मी तर रिपोर्टमध्ये तीन ओळी जास्त लिहिल्यात त्यांच्यावर.

मंजुषा : वाचल्या मी. ‘स्वतःच्या आधी दुसऱ्याचा विचार करतो, नाही म्हणणं याच्या स्वभावात नाही.’ फार कामाचं वाक्य आहे. आम्रपाली, तुला स्पष्ट सांगते, कारण पुढची दहा सेशन्स तुझ्याकडेच द्यायचीत. दिवाळीनंतर रोबो येतायत. प्रत्येक शॉपमधून एक माणूस कमी करायचाय. काढायचा नाही, त्याने आपण होऊन राजीनामा लिहून द्यायचाय. आता लिहून देणारा कोण हे आधी कसं कळणार? विचारायला जावं तर संध्याकाळी गेटवर युनियनचे झेंडे.

आम्रपाली : हे खेळातलं आहे. याला कोण विचारतंय कोर्टात?

मंजुषा : कोर्टात जायचंय कोणाला? हा कागद नुसता त्याच्यासमोर ठेवायचा. शेजारी आपला टाइप केलेला. ‘ज्ञानदेव, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांदेखत केवढं मोठं मन दाखवलंत.’ बस्स, मग गप्प राहायचं. बाकीचे पाच जण वकील घेऊन येतील. हा सही करून मलाच विचारेल, मॅडम चहा घेतला का.

आम्रपाली : बावीस वर्षं झालीत त्यांना इथे. मुलगी कॉलेजात शिकतेय. जमीन याच पट्ट्यात गेली, त्या बदल्यात ही नोकरी लागली होती.

मंजुषा : माहितीय. फाइल रोज माझ्या टेबलावर असते.

आम्रपाली : कागद परत द्या. मी रिपोर्ट बदलते. चार नंबरवर कोणी थांबलं नाही असं लिहिते.

मंजुषा : लिही की. फक्त मग दुसरं नाव सांग.

आम्रपाली : मी?

मंजुषा : चार तास त्यांच्यात बसलीस, माझ्यापेक्षा तुला जास्त कळलंय. विक्की घेऊ? उद्या त्याच्या मुलाचं बारसं आहे. भिवा? त्याची दोन बोटं प्रेसमध्ये गेलीत, जरा वाईट दिसेल. धम्मरत्न? तुमच्या पिंपरीच्या चाळीतला ना तो? सकाळी त्याने तुला ‘आमच्या मास्तरांची मुलगी’ म्हणून सगळ्यांना दाखवलं.

आम्रपाली : नको, मॅडम.

मंजुषा : मला तरी कुठे हवंय. पण सकाळी त्या पेंट शॉपच्या मुलाने तुला विचारलं होतं, ताई, सहाही जण सुटतील असा काही रस्ता आहे का. तू काय म्हणालीस?

आम्रपाली : ते मी खेळाच्या हिशेबाने म्हणाले होते.

मंजुषा : ‘मग खेळात दम राहत नाही.’ मी दारातच उभी होते. खरंय ते, नाही राहत. फासे आवर, पाचची कॅब आहे तुझी.

ज्ञानदेव : येऊ का मॅडम? ताईंचा फासा माझ्याच खिशात ऱ्हायला. गेटवर तपासणीत निघाला. सिक्युरिटीवाला म्हणतो, ही काय चीज, वीस तोंडाची? म्हटलं, बाबा, याच्यावर माणसाचं मरण ठरतं, सांभाळून धर. त्यानं टाकलाच खाली.

मंजुषा : या, या. आत्ता तुमचाच विषय चालला होता.

ज्ञानदेव : माझा? ताई, बावीस वर्सांत या कँटीनमध्ये एवढं हसलो न्हाई मी. पोरीला फोन करून सांगितलं. तनुजा म्हणते, पप्पा, तुमी गेम खेळताय? म्हटलं, नुसता खेळलो न्हाई, पाच जणांना वाचवलं. तेवढा कागद तिला दाखवायचा व्हता.

आम्रपाली : कागद...

मंजुषा : माझ्याकडे आहे. लॅमिनेट करून देते.

ज्ञानदेव : आरं वा. आन् ताई, एक सांगायचं ऱ्हायलं. मन खात व्हतं, म्हणून परत आलो. आईच्या गोष्टीत मी जरा फेरफार केला.

आम्रपाली : कुठे?

ज्ञानदेव : आई सांगायची त्यात आपणहून कोणी बसत न्हाई. सहा जण असतात, पाच घरचे आन् एक गडी. पाच जण एकमेकाकडं बघतात, मग सगळे गड्याकडं बघतात. बोलत कोणीच न्हाई. त्यो आपला बसतो. आता तसं खेळात कसं सांगणार? आमच्यात कोण मालक, कोण गडी? सगळी मशिनवरची. विक्की त्या फाशाकडं असा बघत व्हता, जसा खरंच रानात सापडलाय. म्हटलं, आपणच बसावं.

आम्रपाली : आणि रात्र सरल्यावर, सकाळी? खेळात तर शेवटी मी नियम मोडून त्या पाच जणांना कंदील घेऊन तुम्हाला न्यायला पाठवलं. गोष्टीत येतात का?

ज्ञानदेव : न्हाई ओ. ती वाटच सोडली लोकांनी. लांबनं जायला लागली. बायकामाणसं म्हणायची, अजून दिवा दिसतो. पण बघायला कोण जातंय. तुमी त्यांना परत पाठवलंत त्ये लई झ्याक केलंत. विक्की म्हणला, म्हाताऱ्या, मी बुलेट घेऊन येतो तुला न्यायला. चकव्यात बुलेट.

मंजुषा : एक मिनिट हं, प्लांट हेडचा फोन आहे.

(मंजुषा फोन कानाला लावून दाराबाहेर जाते.)

आम्रपाली : दादा, ऐका. ऑफिसात बोलावतील तुम्हाला. कसल्याही कागदावर सही करू नका.

ज्ञानदेव : कसला कागद?

आम्रपाली : कसलाही. तुम्ही लिहिलेला तो मी त्यांच्या हातात दिला, माझी चूक झाली. तुमच्या शॉपमधला एक जण कमी करतायत.

ज्ञानदेव : रोबोपायी? त्याचं कानावर हाय. पण एवढ्या लवकर? कोण, ताई?

आम्रपाली : दादा...

ज्ञानदेव : विक्की न्हवं ना? उद्या बारसं हाय वो त्याच्याकडं. शेवटचा लागलेला त्योच, पैली कुऱ्हाड त्याच्यावरच यायची.

आम्रपाली : विक्की नाही.

ज्ञानदेव : मग भिवा. दोन बोटं कमी, त्याला दुसरीकडं कोण घेणार?

आम्रपाली : भिवा पण नाही.

ज्ञानदेव : धम्मरत्नला न्हाई काढणार, त्यो बोलतो तोंडावर. मग बरं हाय. घाबरवलंत की मला. बाकी आमी जुनी खोडं, आमाला कोण हलवतंय. सोडा, पाणी घ्या जरा. तोंड उतरलंय तुमचं. सकाळपासून उभ्या हाय तुमी.

आम्रपाली : दादा, त्या पाच जणांपैकी कोणी नाही. मी काय सांगतेय ते...

मंजुषा : (दारातून परत येत) सॉरी हं. काय सांगत होतीस, आम्रपाली?

आम्रपाली : काही नाही. फासा... फासा तुम्हीच ठेवा म्हणत होते, दादा.

ज्ञानदेव : मला? आवो, सेट मोडंल तुमचा.

मंजुषा : ठेवा हो, आठवण म्हणून. आणि ज्ञानदेव, सोमवारी शिफ्टच्या आधी माझ्या केबिनला या. पावणेसातला. एकटेच या.

ज्ञानदेव : येतो की. त्या कागदासाठी का?

मंजुषा : त्याच्याचसाठी.

ज्ञानदेव : पर मॅडम, तुमची ती नवी बिल्डिंग लई अवघड. मागच्या टायमाला तीन वेळा फिरून त्याच लिफ्टपाशी आलो. आता आईचा तोडगा करतो. चकवा लागला की सदरा काढायचा आन् उलटा घालायचा, वाट बरोबर गावते.

मंजुषा : कंपनीचा शर्ट उलटा घालणार? मग खिशावरचं नाव दिसायचं नाही.

ज्ञानदेव : नाव काय, तुमाला ठावं हाय की.